राजेंद्रनगरातील वायरलेसचा वर्ग: एक सविस्तर अभिप्राय

इंदूरच्या राजेंद्रनगरात, एका निवृत्त प्राध्यापकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर, शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी वायरलेस नेटवर्किंगचा वर्ग भरतो. त्याची जाहिरात कुठेही नाही, दारावर पाटी नाही आणि सत्र संपल्यावर हाती कसले प्रमाणपत्रही मिळत नाही. तरीही इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्या, एम.टेक. करणाऱ्या, किंवा माझ्याप्रमाणे खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवता शिकवता पीएच.डी.चा विचार करणाऱ्या मंडळींना या वर्गाची माहिती असायला हवी, असे मला मनापासून वाटते. हा अभिप्राय त्यासाठीच लिहीत आहे. आपले नाव कुठे छापून यावे अशी सरांची इच्छा नाही. तिचा मान राखून मी त्यांना सर्वत्र ‘सर’ एवढेच म्हणणार आहे.

आधी व्यवहाराच्या गोष्टी. वर्षात दोन सत्रे होतात, एक जुलैत सुरू होते आणि दुसरे दिवाळीनंतर. सत्राची फी भँवरकुआँ परिसरात गेट या एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेच्या कोचिंगला महिन्याकाठी जेवढे पैसे मोजावे लागतात त्याहून कमी आहे, आणि घरची अडचण असलेल्या विद्यार्थ्याकडून सर तीही घेत नाहीत. शिकवण्याची भाषा मराठी. वर्गात हिंदी भाषक मुले असली की सर सहज हिंदीत जातात आणि पुन्हा मराठीत येतात. पारिभाषिक शब्द मात्र अभ्यासक्रमात असतात तेच वापरतात. इंदूरच्या मराठी घरांत वाढलेल्या मुलांना हे अजिबात परके वाटत नाही. प्रवेशासाठी परीक्षा नाही, पण पहिल्या दिवशी सर प्रत्येकाला संभाव्यतेवरची दोन-तीन साधी गणिते घालतात आणि ज्याला ती येत नाहीत त्याला आधी ती पक्की करून यायला सांगतात. हा दंडक कडक वाटला तरी योग्य आहे, कारण पुढचे सगळे त्याच्यावरच उभे आहे.

वायरलेसवरची उत्तम व्याख्याने आज कोणालाही घरबसल्या फुकट मिळतात. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून चालवलेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावर या विषयाचे एकाहून एक चांगले अभ्यासक्रम आहेत, आणि सर स्वतःच पहिल्या आठवड्यात त्यांतली काही व्याख्याने ऐकून यायला सांगतात. मग राजेंद्रनगरच्या जिन्याच्या पायऱ्या कशासाठी चढायच्या, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की या वर्गात एका प्राध्यापकाची संपूर्ण कारकीर्द शिकवायला उपयोगी आणली जाते. त्या कारकिर्दीत जे साधले, जे राहून गेले, आणि जे करायला नको होते, त्या सगळ्याचा इथे पाठ होतो. ते कसे, हे वर्गातल्या काही तासांच्या आधारे सांगते.

पहिल्या महिन्यातला फूटपट्टीचा तास या वर्गाचा प्राण आहे. टेबलाच्या एका टोकाला एक लहानसे लोरा मॉड्यूल (कमी विजेत दूरवर छोटे संदेश पाठवणारे रेडिओ यंत्र) ठरावीक अंतराने संदेश पाठवत राहते. तसेच दुसरे मॉड्यूल लॅपटॉपला जोडून खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात एका लाकडी पट्टीवर ठेवलेले असते. विद्यार्थ्याने ते एकेक सेंटिमीटर पुढे सरकवायचे, प्रत्येक जागी थांबायचे आणि पडद्यावर दिसणारा सिग्नलचा आकडा वहीत उतरवायचा. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो आणि त्या लहरींची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर भरते. वही भरत जाते तसे ध्यानात येते की एके ठिकाणी भक्कम असलेला सिग्नल तिथून वीतभराच्या आत एकदम कोसळतो आणि थोडे पुढे गेले की पुन्हा वर येतो. आकडे घेत असताना बाकीच्यांनी जागचे हलायचे नाही अशी सरांची सक्त ताकीद असते. ती कशासाठी, हे त्यांनी नंतर दाखवले. त्यांनी एका मुलीला दोन पावले बाजूला सरायला सांगितले आणि आकडा बदलला. भिंतीकडच्या लोखंडी कपाटाचे दार उघडले, तर जिथे सिग्नल बुडत होता ती जागाच पट्टीवर दुसरीकडे सरकली. भिंत, कपाट, खिडकीचे गज आणि माणसांची शरीरे यांच्यावरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. कुठे त्या एकमेकींना बळ देतात तर कुठे खोडून काढतात. सिग्नलच्या या चढउतारावरचा, म्हणजे मल्टिपाथ फेडिंगवरचा, परिच्छेद मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहून देत आले आहे. त्यातले प्रत्येक वाक्य हाताखाली घडताना पाहण्याचा अनुभव मात्र निराळाच होता. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे या तासाला बसले होते, त्यांना नंतर या चढउताराचे गणित मांडणारे रेले वितरणाचे सूत्र पुन्हा समजावून सांगावे लागले नाही.

या प्रयोगाची मुळे सरांच्या तरुणपणात आहेत. ते व्याख्याता म्हणून रुजू झाले तेव्हा महाविद्यालयांच्या मायक्रोवेव्ह प्रयोगशाळांत क्लिस्ट्रॉनचे, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी निर्माण करणाऱ्या नळीचे, बेंच असत. लहरी वाहून नेणाऱ्या पोकळ धातुनळीच्या, म्हणजे वेव्हगाइडच्या, खाचेतून शोधकाची सुई सरकवत न्यायची, सिग्नल कुठे कुठे किमान होतो ते पाहायचे आणि दोन किमान जागांमधल्या अंतराची दुप्पट करून लहरीची लांबी काढायची, हा तेव्हाचा ठरलेला प्रयोग होता. सर म्हणतात की अनेक वर्षे त्यांनी मुलांकडून तो प्रयोग फाइल भरण्यापुरता करून घेतला, आणि त्यातले तत्त्व खोलीतल्या हवेलाही लागू आहे हे मुलांना दाखवायचे राहूनच गेले. आता थोडक्या पैशांत मिळणाऱ्या मॉड्यूलने ती उणीव ते भरून काढत आहेत. जुन्या बेंचवरचे मापन आणि आजच्या फोनमधले मापन यांची अशी सांगड घालून देणारा दुसरा शिक्षक माझ्या पाहण्यात नाही.

अंतराबरोबर सिग्नल कसा घटतो यावरचा तास तुलनेने साधा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सिग्नल ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे त्याची शक्ती चौथा हिस्सा उरते, आणि भिंतींच्या आड त्याहून कितीतरी जास्त उतरतो, एवढे मुलांकडून गच्चीवर आणि जिन्यात मोजून घेतले जाते. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

नेटवर्किंगकडे वळल्यावरचा फाशांचा तास मात्र सविस्तर सांगायलाच हवा. हवाई विद्यापीठातले प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांवरची केंद्रे रेडिओने मुख्य संगणकाला जोडणारे अलोहा नेटवर्क सुरू केले. एकाच वाहिनीवर अनेकांनी बोलायचे असेल तर वाटाघाटी न करता ते कसे जमवावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. सर हा प्रश्न सहा विद्यार्थी आणि लुडोचे सहा फासे घेऊन मांडतात. ‘चला’ म्हटले की प्रत्येकाने फासा टाकायचा आणि ज्याला सहा पडतील त्याने आपले नाव मोठ्याने सांगायचे. एकच नाव ऐकू आले तर संदेश पोहोचला. दोन नावे एकदम आली तर टक्कर झाली, आणि कोणीच बोलले नाही तर ती खेप वाया गेली. एक जण फळ्यावर रेघा ओढत राहतो. शंभर खेपा झाल्यावर पोहोचलेल्या संदेशांची संख्या चाळिसाच्या आसपास येते आणि गणितही तेच सांगते. मग तेच फासे बारा जणांच्या हाती दिले जातात. बोलणारे दुप्पट झाले म्हणजे कामही वाढेल, अशी काही मुलांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात टकरींचा गलका होतो आणि पोहोचलेले संदेश सत्तावीसच्या आसपास उतरतात. त्यानंतर सर सूत्र मांडतात. माणसे वाढवत नेली आणि प्रत्येकाची बोलण्याची शक्यता त्याच प्रमाणात कमी केली, तर यशाचे प्रमाण ३६.८ टक्क्यांवर स्थिरावते. वेळेचे ठरावीक कप्पे नसतील आणि ज्याला वाटेल तेव्हा त्याने बोलावे अशी मोकळीक असेल, तर ते त्याच्या निम्मे, म्हणजे १८.४ टक्के राहते.

इथून वायफायकडे जाणे सोपे होते. वायफायचे यंत्र बोलण्यापूर्वी वाहिनी मोकळी आहे का ते ऐकते, मोकळी असली तरी सहजगत्या निवडलेला काही काळ थांबते, आणि टक्कर झाली की थांबण्याच्या काळाची मर्यादा दुप्पट करत जाते. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या मानकांत ही मर्यादा १५ कप्प्यांपासून १०२३ कप्प्यांपर्यंत वाढते. लग्नाच्या हॉलमध्ये फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा दिसत असताना संदेश का जात नाहीत, याचे उत्तर ज्यांनी हातात फासे धरले आहेत ती मुले न अडखळता देतात. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत या भागावर एखादा आठ गुणांचा प्रश्न येतो. तो या तासामुळे सुटतोच, पण मुलांना त्या आठ गुणांच्या पलीकडचे काहीतरी गवसलेले असते, आणि शिक्षिका म्हणून मला त्याचे मोल अधिक वाटते.

तिसरा भाग सिम्युलेशनचा, म्हणजे संगणकावर नेटवर्कची नक्कल चालवून पाहण्याचा. या वर्गातले सर्वांत धाडसाचे शिकवणे इथे आहे असे मी मानते, आणि ते समजण्यासाठी सरांच्या कारकिर्दीचा मधला टप्पा माहीत हवा. लहान शहरातल्या महाविद्यालयातील शिक्षकाला पगारी रजेवर तीन वर्षे आयआयटीसारख्या संस्थेत पीएच.डी. करता यावी म्हणून केंद्र सरकारने १९७० मध्ये क्यूआयपी ही योजना सुरू केली. सर तिच्यातून गेले. तिथे त्यांनी इमारतींच्या आतल्या रेडिओ लहरींचे प्रत्यक्ष मापन केले, चांगली उपकरणे हाताळली आणि प्रबंध पुरा करून आपल्या महाविद्यालयात परतले. परतल्यावर उपकरणे नव्हती. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरची किंमत विभागाच्या कित्येक वर्षांच्या अंदाजपत्रकाएवढी होती आणि त्यांचे मागणीपत्र कपाटात पडून राहिले. याच काळात एनएस-२ हे फुकट मिळणारे सिम्युलेटर आले, मोबाइल अ‍ॅड हॉक नेटवर्क (ठरलेल्या टॉवरशिवाय फिरती यंत्रे आपसांत जोडणारे जाळे) हा विषय जगभर चलतीत आला, आणि एओडीव्ही हा अशा जाळ्यात संदेशाचा मार्ग शोधण्याचा प्रोटोकॉल (नियमांचा संच) जुलै २००३ मध्ये अधिकृत दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाला. एक साधा संगणक असला की शोधनिबंध लिहिता येऊ लागला. दोन प्रोटोकॉल घ्यायचे, पन्नास काल्पनिक यंत्रे एका काल्पनिक मैदानात फिरवायची आणि आलेखात एक रेघ दुसरीच्या वर दाखवायची. पुढे २०१० च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनी शिक्षकाच्या कामाला गुण देणारी एपीआय पद्धत आणली, बढतीसाठी प्रसिद्ध निबंधांची मोजदाद होऊ लागली आणि असल्या निबंधांचा पूर आला. देशातल्या शेकडो अभियांत्रिकी महाविद्यालयांमधल्या वायरलेसच्या प्राध्यापकांची कारकीर्द याच वाटेने गेली. त्यात शिक्षकांच्या आळसाचा भाग थोडा आणि रिकाम्या प्रयोगशाळांचा भाग मोठा, हे सरांचे म्हणणे मला स्वतःच्या अनुभवावरून पूर्णपणे पटते.

सर त्या काळातला आपलाच एक निबंध, लेखकाचे नाव झाकून, वर्गात वाटतात आणि त्यातला दोष शोधायला सांगतात. निबंधात यंत्रे ‘रँडम वेपॉइंट’ पद्धतीने फिरतात: प्रत्येक यंत्र मैदानातला एखादा बिंदू आणि शून्य ते २० मीटर प्रतिसेकंद यांमधला एखादा वेग निवडते, तिथे जाते, जरा थांबते आणि पुन्हा नवा बिंदू निवडते. सरासरी वेग १० मीटर असल्याचे निबंधात लिहिलेले असते. सर एवढेच विचारतात की ५०० मीटर जायला किती वेळ लागेल. २० च्या वेगाने २५ सेकंद लागतात. ०.१ च्या वेगाने ५,००० सेकंद. आणि सिम्युलेशन किती वेळ चालवले होते? ९०० सेकंद. ज्या यंत्राने मंद वेग निवडला ते त्या प्रवासातच अडकून पडते, वेगाने जाणारी यंत्रे पटकन पोहोचून नवा वेग निवडत राहतात आणि त्यांच्यातलीही एकेक मंद वेगाच्या तावडीत सापडत जातात. परिणामी जसजसा वेळ जातो तसतसा सर्वांचा सरासरी वेग घटत जातो, आणि निबंधात लिहिलेला १० चा आकडा खरा राहत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी हा दोष २००३ मध्येच दाखवून दिला होता, तरी पुढची अनेक वर्षे ती पद्धत तशीच वापरली गेली. वर्गात हा हिशेब फळ्यावर पुरा होतो, मग सर निबंधावरचा कागद काढतात आणि मुलांना लेखकाचे नाव वाचायला सांगतात. त्यांचा आवाज तेव्हा अगदी नेहमीसारखा असतो. एका ज्येष्ठ माणसाने आपले प्रसिद्ध झालेले काम विद्यार्थ्यांच्या हाती असे तपासायला द्यावे, याचा संस्कार त्या वयाच्या मुलांवर किती खोल होतो हे मी पाहिले आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने आपल्या प्रोजेक्टचे सगळे आलेख त्यानंतर पुन्हा काढले, किमान वेग शून्य न ठेवता आणि सुरुवातीचा काळ वगळून.

शहरातल्या कोचिंगच्या पट्ट्यात तयार प्रोजेक्ट विकणारी दुकाने आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. छापील अहवाल, चालू कोड आणि तोंडी परीक्षेची उत्तरे असा सगळा संच तिथे मिळतो. आमच्या विभागातली मुले दरवर्षी तिथे जातात, आणि परीक्षक म्हणून बसल्यावर तोच आलेख वेगवेगळ्या अहवालांत पाहताना मला अतिशय वाईट वाटते. या वर्गाची तुलना करायचीच झाली तर त्या दुकानांशी करावी, कारण बहुतेक पालकांपुढे निवड याच दोहोंतली असते. दुकानातला संच एका दुपारी मिळतो. सरांकडे सहा आठवडे मोजमाप करावे लागते आणि शेवटी हाती येणारा आलेख वेडावाकडाही असू शकतो. मी विद्यार्थ्यांना बेधडक दुसरी वाट सुचवते.

सत्राच्या अखेरीला सर काही तास प्राध्यापकी या पेशावर घेतात. ज्यांना नोकरीला उद्योगात जायचे आहे त्यांना ते ऐच्छिक आहेत. शिकवण्याच्या क्षेत्रात राहणाऱ्यांनी ते चुकवू नयेत. थॉमस कैलाथ यांची कारकीर्द त्यात तपशिलाने येते. मल्याळी कुटुंबातले कैलाथ १९३५ मध्ये पुण्यात जन्मले, तिथेच शाळा शिकले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ मध्ये टेलिकम्युनिकेशनची पदवी घेऊन अमेरिकेतल्या एमआयटीला गेले, १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढे स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले. इन्फर्मेशन थिअरी, कंट्रोल, सिग्नल प्रोसेसिंग आणि नंतर चिप बनवण्याच्या प्रक्रिया असे त्यांचे क्षेत्र काही काही वर्षांनी बदलत गेले, आणि शंभराहून अधिक संशोधक त्यांच्या हाताखाली तयार झाले. एकाच विषयात अडकून न पडता विद्यार्थ्यांबरोबर नवा विषय शिकण्याची तयारी असेल तर प्राध्यापक म्हातारा होत नाही, असे सर या ठिकाणी म्हणतात.

कैलाथ यांच्याच गटात आलेले आरोग्यस्वामी पॉलराज यांची वाट आणखी वेगळी. तमिळनाडूतल्या पोल्लाचीचा हा मुलगा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून नौदलात गेला, नौदलात असतानाच १९७३ मध्ये दिल्ली आयआयटीतून पीएच.डी. झाला, भारतीय युद्धनौकांसाठी सोनार बनवण्याच्या कामात पुढे होता, आणि नौदल सोडल्यावर स्टॅनफर्डला गेला. म्हणजे विद्यापीठातली कारकीर्द सुरू झाली तेव्हा वयाची पंचेचाळिशी उलटून गेली होती. अनेक अँटेना वापरून एकाच वाहिनीतून एकाच वेळी अनेक प्रवाह पाठवण्याच्या कल्पनेचे पेटंट त्यांना आणि कैलाथ यांना १९९४ मध्ये मिळाले. आज आपल्या फोनमध्ये आणि राउटरमध्ये असलेल्या मायमो तंत्राच्या मुळाशी ती कल्पना आहे, आणि पॉलराज यांना तिच्यासाठी २०१४ चे मार्कोनी पारितोषिक मिळाले. इथे सर मुलांना पुन्हा फूटपट्टीच्या वहीकडे नेतात. कपाटावरून आणि भिंतींवरून परतणाऱ्या ज्या लहरींनी सिग्नल बुडवला होता, त्याच लहरींमुळे वेगवेगळ्या अँटेनांपर्यंत पोहोचणारे मिश्रण वेगवेगळे होते, आणि मिश्रणे वेगळी असल्यामुळेच गणिताने प्रवाह सुटे करता येतात. नुसत्या मोकळ्या मैदानात, समोरासमोरच्या अँटेनांत, हे इतके चांगले साधत नाही. मायमोचे इतके स्वच्छ स्पष्टीकरण मी याआधी ऐकले नव्हते.

प्रकाशनाविषयीचा सल्लाही ठोस असतो. मे २०१८ मध्ये यूजीसीने आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एकदम वगळली. तेव्हा ज्यांचे निबंध अशा ठिकाणी होते त्यांची कशी धावपळ झाली, हे सर जवळून पाहिल्याप्रमाणे सांगतात. प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे ही देशपातळीवरची अट यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही, परंतु विद्यापीठे स्वतःची अट ठेवू शकतात. म्हणून नोंदणीआधी आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश स्वतः वाचा, असे ते बजावतात. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या निबंधांची संख्या विचारण्याऐवजी त्यांचे आधीचे विद्यार्थी आज काय करतात याची चौकशी करावी, हा त्यांचा आणखी एक सल्ला. माझ्या मते सत्राच्या फीची भरपाई एवढ्या एका तासातच होते.

आता उणिवा. ५जीचा भाग फार त्रोटक आहे. फ्रेमची रचना आणि बीमफॉर्मिंग (लहरी एका दिशेला एकवटणे) यांवर दोन तास मिळतात, ज्याला दूरसंचार कंपनीतल्या मुलाखतीची तयारी करायची आहे त्याला ते पुरणार नाहीत. वर्गातल्या व्याख्यानांचे रेकॉर्डिंग होत नाही आणि सरांना ते चालतही नाही, त्यामुळे आजारपणात एखादा तास बुडाला तर सोबत्यांच्या वहीवर अवलंबून राहावे लागते. छापील नोट्स नाहीत. खोली लहान आहे, उन्हाळ्यात तापते, आणि जिना अरुंद असल्यामुळे ज्यांना चढण्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी काही सोय नाही. शनिवारचा तास लांबला की महू किंवा राऊकडे परतणाऱ्या मुलांची बससाठी ओढाताण होते. सरांनी तो तास थोडा अलीकडे घ्यावा असे मी त्यांना सुचवले आहे. मुलींच्या पालकांसाठी एवढे सांगते की काकू घरी असतात आणि उशीर झालेल्या मुलींना घरून कोणी न्यायला येईपर्यंत खालच्या खोलीत बसवून घेतात.

सरांच्या करडेपणाविषयीही लिहायला हवे. मोजलेला आकडा वहीत खोडून नीटनेटका केलेला दिसला तर सर ते पान पुन्हा करायला लावतात. एकदा एका मुलाने अपेक्षित आलेखात न बसणारे तीन आकडे गाळले होते. सरांनी रागावून काही म्हटले नाही, फक्त त्याला त्याच जागी मॉड्यूल ठेवून पुन्हा मोजायला बसवले, आणि ते तिन्ही आकडे जवळपास तसेच आले. त्या जागेजवळ भिंतीत पाण्याचा लोखंडी नळ होता. काही मुलांना ही शिस्त सोसत नाही आणि ती मधूनच वर्ग सोडतात. माझ्या विद्यार्थ्यांतलेही काही सोडून गेले. ज्याला परीक्षेपुरते उरकायचे आहे त्याने या वर्गाला न जाणेच बरे, त्यात त्याचाही वेळ वाचेल.

ज्यांना जायचे आहे त्यांनी आधी संभाव्यता आणि लॉगॅरिदम उजळून घ्यावेत, पायथनमध्ये आलेख काढण्यापुरती तयारी ठेवावी आणि जाड पुठ्ठ्याची, पाने न सुटणारी वही सोबत न्यावी. सुटे कागद चालत नाहीत. मॉड्यूल आणि लॅपटॉप तिथे मिळतात, स्वतःचे काही विकत घ्यायची गरज नाही. जागा मोजक्या असतात आणि नावे फोनवर घेतली जात नाहीत, तेव्हा दिवाळीनंतरच्या सत्रासाठी विद्यार्थ्याने स्वतः रविवारी सकाळी वर्ग सुटायच्या वेळेला जाऊन सरांना भेटावे. पालकांनी बरोबर गेले तरी चालते, पण प्रश्न सर मुलालाच विचारतात.